डॉलरचा सौदा शिकायचाय? आधी बँकेचा रेट तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी पुण्यात घरून डिझायनिंगचं काम करते. अमेरिकेतले दोन क्लायंट आहेत, महिन्याला साधारण दीड हजार डॉलर येतात. डॉलर सारखा वरखाली होताना दिसतो, तर वाटतं यात ट्रेडिंग शिकावं. पन्नास हजार बाजूला काढलेत. एका टेलिग्राम चॅनेलवर परदेशी ॲप सुचवलंय, शंभर डॉलरपासून सुरू करता येतं म्हणे. सांभाळून सुरुवात कशी करू? ता. क. संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर तुम्ही ओव्हनमध्ये टॉर्टियाचे (मेक्सिकन पोळीचे) रोल भाजता असं मागे म्हणाला होतात. न तळता कसे करता? तीही कृती द्या.”

ताई, ता. क. चं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतो. आधी पन्नास हजारांचं बघू.

मी २००६ पासून या कामात आहे. आठ वर्षं एका निर्यात कंपनीच्या ट्रेझरीत, म्हणजे पैसा आणि परकीय चलन सांभाळणाऱ्या विभागात होतो, नंतर लहान निर्यातदारांची डॉलर-युरोची कामं बघायला लागलो. म्हणजे माझं पोट परकीय चलनावरच भरतं. तरीही “करन्सीत ट्रेडिंग करू का?” असं कुणी विचारलं की दहातल्या नऊ जणांना मी नको म्हणतो. तुम्ही दहाव्या आहात. कारण तुमचं डॉलरशी खरंखुरं नातं आहे.

ते परदेशी ॲप आजच काढून टाका. त्यात शंभर डॉलर भरले की १:५०० असं लीव्हरेज मिळतं, म्हणजे तुमच्या शंभरावर पन्नास हजार डॉलरचा सौदा उभा राहतो. समजा तुम्ही युरो-डॉलर घेतला. या जोडीत भाव चार दशांशांपर्यंत बोलतात, शेवटच्या घराला पिप म्हणतात. पन्नास हजारांच्या सौद्यात एक पिप हलला की साधारण पाच डॉलर इकडचे तिकडे. वीसेक पिप उलटे गेले की तुमचे शंभर डॉलर साफ. आता युरो-डॉलर एका साध्या, काहीही बातमी नसलेल्या दिवशी पन्नास-साठ पिप सहज फिरतो. म्हणजे दिशा तुम्ही बरोबर ओळखली असली तरी वाटेतल्या हेलकाव्यातच खातं रिकामं होणार. युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये अशा सौद्यांवर बंधनं आणली, मुख्य जोड्यांना लीव्हरेज तीसपटीवर आणून ठेवलं. त्या वेळी त्यांनीच सांगितलं होतं की किरकोळ ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात. आणि ही अधिकृत, परवानाधारक कंपन्यांची गोष्ट झाली.

तुम्हाला सुचवलेल्या ॲपला तर बहुधा तोही परवाना नसेल. आपल्याकडे परदेशी चलनाचे सौदे मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर, अधिकृत बँकेमार्फत किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मंचावरच करता येतात. बाकीच्या मंचांची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा काढली. तेव्हा ३४ नावं होती, नंतर ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे ॲप अधिकृत आहे असं मात्र समजू नका. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, मग यात का नाही, असंही लोक विचारतात. त्या योजनेत परदेशी एक्स्चेंजला मार्जिन (सौद्याची अनामत) म्हणून किंवा मार्जिन कॉलसाठी (अनामत कमी पडली की येणाऱ्या मागणीसाठी) पैसे पाठवायला स्पष्ट मनाई आहे. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

एक खूण सांगून ठेवतो. पैसे भरायला दर वेळी वेगळ्याच माणसाचा यूपीआय देतात का बघा. आज कुणा मोबाईलवाल्याचं खातं, उद्या कुणा ट्रॅव्हल्सवाल्याचं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. पहिल्यांदा दोन-तीन हजार काढू देतात, विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायला गेलं की “आधी टॅक्स भरा” म्हणतात. अशा खात्यांशी तुमचा व्यवहार झाला की पोलीस तपासात उलट तुमचंच खातं गोठू शकतं. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० ला फोन करा.

आता देशातला रस्ता. आपल्याकडे डॉलर-रुपयाचे वायदे (पुढच्या तारखेचा सौदा आजच भाव ठरवून करायचे करार, म्हणजे फ्युचर्स) एक्स्चेंजवर २९ ऑगस्ट २००८ ला सुरू झाले, २०१० मध्ये युरो, पाउंड आणि येन आले. पंधरा वर्षं कुणीही यायचं, डॉलर तेजीत घ्यायचं, मंदीत विकायचं. मग ५ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून एक जुनी गोष्ट ठणकावून सांगितली: रुपयाच्या जोडीत सौदा करायचा तर तुमच्यावर परकीय चलनाची खरी जोखीम हवी, म्हणजे त्या चलनात खरंच काही येणं किंवा देणं हवं. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद आधी दाखवायची गरज नाही, पण जोखीम असायलाच हवी. अंमल एप्रिलला व्हायचा होता, तो ३ मे २०२४ पर्यंत पुढे ढकलला. त्या एप्रिलमध्ये ब्रोकरांचे फोन बंद होत नव्हते. लोकांनी सौदे कापले, म्हणजे उलटा सौदा करून मिटवले, उलाढाल झपाट्याने घसरली, आणि ज्यांचा डॉलरशी संबंध फक्त स्क्रीनपुरता होता त्यातले बरेच निफ्टीच्या ऑप्शनकडे (शेअर निर्देशांकावर घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांकडे) वळले. तिथे काय होतं हे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात आहे: आधीच्या तीन वर्षांत शंभरातले ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात.

तुमच्याकडे मात्र इन्व्हॉइस आहेत. काम झालंय, बिल गेलंय, पैसे तीस-पंचेचाळीस दिवसांनी यायचेत. नाशिकचा द्राक्षवाला फेब्रुवारीत रॉटरडॅमला कंटेनर पाठवतो आणि युरो एप्रिल-मेमध्ये हातात पडतात, तशीच तुमचीही स्थिती. फरक फक्त शून्यांचा.

इथे नीट लक्ष द्या, कारण शिकवणीवाले हे सांगत नाहीत. तुम्ही म्हणता ट्रेडिंग शिकायचंय. अहो, तुमचा सौदा आजच उभा आहे. समजा दोन महिन्यांची मिळून तीन हजार डॉलरची बिलं थकलेली आहेत. म्हणजे तुम्ही तीन हजार डॉलर तेजीत बसलेल्या आहात. डॉलर एका रुपयाने चढला की तीन हजार रुपये फायदा, एका रुपयाने उतरला की तेवढंच नुकसान. स्क्रीन न उघडताच हे चालू आहे. अशा वेळी तुम्ही “डॉलर वर जाणार” म्हणून वायद्यात आणखी डॉलर घेतले, तर आहे त्याच घोड्यावर दुसऱ्यांदा पैसे लावले असं होईल. डॉलर पडला की दोन्हीकडून मार. म्हणून तुमच्यासाठी वायद्याची दिशा ठरलेली आहे. तुम्ही डॉलर विकणाऱ्या. विकलेला सौदा कापण्यापुरतंच घ्यायचं, त्यापलीकडे घ्यायचं नाही. या एका नियमाने निम्मे धोके दारातच थांबतात.

पण वायद्याला हात लावायच्या आधी एक काम करा. त्यात मार्जिन नाही, धोका नाही, आणि पहिल्या वर्षी वायद्यापेक्षा जास्त पैसे त्यातच आहेत.

बँकेच्या शेवटच्या तीन जमा-सूचना काढा. प्रत्येक वेळी बँकेने कोणता रेट लावला ते बघा आणि त्याच दिवशी, त्याच वेळी बाजारात डॉलर काय होता ते शेजारी लिहा. समजा बाजार ८८.०० आणि तुम्हाला मिळाले ८७.३०. सत्तर पैशांचा फरक. दीड हजार डॉलरवर महिन्याला १,०५० रुपये, वर्षाला १२,६००. तुमच्या पन्नास हजारांचा चौथा हिस्सा दर वर्षी गुपचूप जातोय, आणि तुम्ही तो परत मिळवायला बाजारात उतरायला निघालाय! मधे एखादी पेमेंट कंपनी असेल तर तिची कापणी वेगळी. शाखेत जाऊन फॉरेक्स बघणाऱ्या माणसाला गाठा. “माझे दर महिन्याला डॉलर येतात, मार्जिन किती लावता?” असं विचारा. “रेट काय आहे?” असं विचारू नका, मार्जिन विचारा. इथे मार्जिन म्हणजे बाजारभाव आणि बँकेचा भाव यांतला फरक, सौद्याची अनामत नव्हे. त्या एका शब्दाने समोरचा सावरून बसतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा एफएक्स-रिटेल नावाचा मंच ५ ऑगस्ट २०१९ पासून सुरू आहे, आपल्यासारख्या किरकोळ ग्राहकांना बाजाराच्या जवळचा भाव दिसावा म्हणून. तिथे बँकेमार्फत नोंदणी होते. ती करून ठेवा. सौदा तिथे नाही केला तरी खरा भाव डोळ्यांसमोर राहतो आणि घासाघीस करायला जोर येतो.

दुसरी सोय म्हणजे ईईएफसी खातं, परकीय चलन कमावणाऱ्यांचं परकीय चलनातलंच खातं. आलेले डॉलर डॉलर म्हणूनच ठेवता येतात, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत रुपयात बदलावे लागतात. व्याज नाही. पण पाच-सात आठवडे तुम्ही “आज बदलू की थांबू” हा निर्णय स्वतः घेता. माझ्या मते नवशिक्याला यापेक्षा चांगली शाळा नाही. लीव्हरेज नाही, मार्जिन कॉल नाही, झोप उडत नाही, पण बाजार चुकला की पोटात जो गोळा येतो तो खराखुरा येतो. सहा महिने एवढंच करा. दर वेळी बदलण्याआधी वहीत एक ओळ लिहा: आज का बदलतेय, किंवा का थांबतेय. सहा महिन्यांनी त्या ओळी वाचाल तेव्हा स्वतःविषयी बरंच कळेल. माझ्याकडे एक ग्राहक आहेत, त्यांच्या वहीत अकरा वेळा “थोडं थांबू” आहे आणि नऊ वेळा ते थांबणं अंगाशी आलंय. त्यांनी त्यावरून नियमच केला. पैसे आले की निम्मे त्याच दिवशी, उरलेले दोन आठवड्यांनी. डोकं चालवणं बंद.

एवढं झाल्यावर वायदा. एक लॉट म्हणजे हजार डॉलर. भाव पाव पैशाने हलतो, म्हणजे एका टिकला अडीच रुपये. बाजार सकाळी नऊ ते पाच. महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाआधी दोन दिवस, दुपारी साडेबाराला कंत्राट संपतं. हातात डॉलर कुणी देत-घेत नाही, त्या दिवशीच्या संदर्भ दरावर रुपयांत हिशेब होतो.

तुमचाच सौदा मांडून बघू. तीन हजार डॉलर यायचेत, त्यातले एक हजार, म्हणजे एकच लॉट, पुढच्या महिन्याच्या कंत्राटात विकला. आज रोखीत डॉलर ८८.०० असेल तर पुढचा महिना साधारण ८८.१५ ला दिसेल. हे पंधरा पैसे कुणाच्या भाकितातून येत नाहीत. रुपयाचं व्याज डॉलरच्या व्याजापेक्षा जास्त, तो फरक भावात चढतो. विकणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, तो मिळतो. महिन्याभराने डॉलर ८६.६५ झाला तर वायद्यात दीड रुपया गुणिले हजार, दीड हजार फायदा. आणि बिलाचे हजार डॉलर तेवढेच स्वस्तात बदलावे लागले. इकडचं तिकडे बसलं. उलट डॉलर ८९.६५ ला गेला तर वायद्यात दीड हजार तोटा, पण बिलावर जास्त मिळाले.

कागदावर हे जितकं गोंडस दिसतं तितकं प्रत्यक्षात नसतं. वायद्यातला तोटा रोज संध्याकाळी खात्यातून कापला जातो, आणि बिलावरचा फायदा क्लायंट पैसे देईल तेव्हा मिळतो. लहान लोक इथेच घसरतात. हिशेबाने बरोबर, पण हातात पैसे नाहीत. एका लॉटला मार्जिन अडीच-तीन हजारांच्या घरात लागतं, बाजार तापला की वाढतं. तरी खात्यात लॉटमागे दहा हजार ठेवा. पन्नास हजारांतले दहा तिथे, बाकीचे चाळीस बँकेत राहू द्या. पूर्ण तीन लॉट विकायचा मोहही नको. क्लायंटने बिल महिनाभर लांबवलं किंवा काम रद्द केलं तर मागे काहीच नसलेला विकलेला सौदा उरतो. आणि तसा सौदा ठेवायला तुम्हाला परवानगीच नाही.

खर्चाकडेही बघा. ब्रोकर ऑर्डरमागे वीस रुपये घेत असेल तर घेण्या-विकण्याचे चाळीस, वर जीएसटी, म्हणजे सत्तेचाळीसच्या वर. हजार डॉलरवर हे जवळजवळ पाच पैसे झाले. सकाळी विकून दुपारी पाच पैशांनी कापणारा माणूस दिवसभर ब्रोकरची नोकरी करतो. एका लॉटवर दिवसाचा सौदा परवडतच नाही. ही गोष्ट एका परीने बरीच आहे, नवशिक्याला बसून राहायची सवय लागते. उलाढाल आटल्यापासून लांबच्या महिन्यांत घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावात अंतरही जास्त असतं. जवळचाच महिना धरा, आणि ऑर्डर नेहमी ठरावीक भावाची, बाजारभावाची नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण वरचं सगळं शहाणपण मला तिने शिकवलंय.

२०१३. मे महिन्यात अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, रोखेखरेदी आवरती घेण्याचं सूतोवाच केलं आणि जगभरातली चलनं हादरली. आपला डॉलर मेमध्ये ५५ च्या आसपास होता, ऑगस्टच्या सुरुवातीला ६१ झाला. दिवसभर कंपनीचं काम करून मला वाटायला लागलं होतं की मला रुपया कळतो. सप्टेंबरचं कंत्राट साधारण ६२ ला दहा लॉट विकलं. नातं काहीच नव्हतं. पगार रुपयात, खर्च रुपयात. नुसतं “आता बास, इथून उतरणार” हे मत. तीन आठवड्यांत भाव साडेचौसष्टला गेला. मी काय केलं? आणखी दहा लॉट विकले. सरासरी ६३.२५ आली म्हणून तेवढंच बरं वाटलं, जसं काही बाजाराला माझी सरासरी माहीत होती. जुलैतच मार्जिन दुप्पट झालं होतं, त्यामुळे खात्यात हवा राहिलीच नव्हती. २८ ऑगस्टला डॉलर ६८.८० च्या वर गेला. ब्रोकरच्या माणसाचा फोन दुपारच्या जेवणाच्या वेळी आला. डबा उघडा, भेंडीची भाजी, आणि तो म्हणतोय, “साहेब, अर्ध्या तासात पैसे टाका नाहीतर सिस्टीम कापेल.” मी ६९ च्या आसपास कापलं. पावणेसहा रुपये गुणिले वीस हजार. एक लाख पंधरा हजार. तेव्हाचे माझे तीन महिन्यांचे घरखर्चाचे पैसे.

त्याच संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने तेल कंपन्यांना डॉलर द्यायला वेगळी खिडकी उघडली. ४ सप्टेंबरला नवे गव्हर्नर आले. महिना संपता संपता डॉलर ६२-६३ ला होता. म्हणजे मत बरोबरच होतं! एकच लॉट विकून बसलो असतो तर मधला सात हजारांचा खड्डा सोसून जवळजवळ बरोबरीत सुटलो असतो. म्हणून कुणी मला “दिशा काय वाटते?” विचारलं की मी विचारतो, लॉट किती?

स्टॉपलॉस (ठरावीक तोट्याला सौदा आपोआप कापणारी ऑर्डर) लावा, पण तो पट्टा आहे, भिंत नाही. आपला बाजार पाचला बंद होतो आणि डॉलर मात्र रात्रभर फिरतो. अमेरिकेच्या नोकऱ्यांचे आकडे सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला. फेडचा निर्णय उन्हाळ्यात रात्री साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला. म्हणजे दोन्ही आपल्या घंटेनंतर. सकाळी नऊला बाजार उघडतो तो थेट पलीकडच्या भावावर, तुमचा स्टॉप मधल्या मध्ये राहतो. याचं सगळ्यात भयंकर उदाहरण १५ जानेवारी २०१५ चं. स्विस मध्यवर्ती बँकेने सव्वातीन वर्षं धरून ठेवलेली युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा एका सकाळी सोडून दिली. काही मिनिटांत भाव इतका कोसळला की १.१९ ला लावलेले स्टॉप एकच्या आसपास आणि त्याच्याही खाली सुटले. लोकांची खाती शून्यावर थांबली नाहीत, उणे झाली.

आपल्याकडे रिझर्व्ह बँक मधे उतरते, त्यामुळे रुपया बऱ्याचदा महिनोन्महिने पेंगतो आणि मग एका दिवसात महिन्याचं चालतो. १० फेब्रुवारी २०२५ ला डॉलर ८८ च्या तोंडाशी होता. सगळे ८९ बोलत होते. दुसऱ्या दिवशी तो ८७ च्या खाली बंद झाला. अशा दिवशी शहाणपणा चालत नाही, लहान लॉट चालतो.

ऑप्शनबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी कुणीतरी सांगेलच की “विकून प्रीमियम खा, सोपं आहे”. पहिलं वर्ष तिकडे फिरकू नका.

कराचं एकदा सीएशी बोलून घ्या. एक्स्चेंजवरच्या वायद्याचा नफा-तोटा व्यवसायाच्या उत्पन्नात धरतात. तोटा झाला आणि तो पुढच्या वर्षांत ओढायचा असेल तर आयटीआर-३ हा प्राप्तिकर विवरणाचा फॉर्म भरावा लागतो. फ्रीलान्सर बहुतेक सोपा फॉर्म भरत असतात, आणि एका लॉटपायी सीएची फी वाढली तर तीही खर्चातच धरायला हवी.

तर आता रोल.

पाचला बाजार बंद झाला की हात रिकामे राहतात, आणि रिकामे हात मोबाईलवर जातात. म्हणून मी ओव्हन लावतो. मेक्सिकोत हा प्रकार मुळात तळूनच करतात. मक्याच्या टॉर्टियात सारण भरून, गुंडाळून, कढईत कुरकुरीत. ताकीतो किंवा फ्लाउता म्हणतात. भाजलेला रोल ही घरगुती पळवाट आहे, पण चांगली. तिथला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग वाटतात, त्यामुळे पीठ बांधून राहतं. आपलं मक्याचं पीठ तसं नसतं, गुंडाळताना फुटतं. पहिल्या वेळी मी भाकरीसारखी थापून बघितली, सगळ्या रोलचं थालीपीठ झालं. गव्हाचीच करा.

एक वाटी कणीक, एक वाटी मैदा, अर्धा चमचा मीठ, तीन मोठे चमचे तेल. तेल पिठाला आधी चोळून घ्यायचं, मग पाऊण वाटीला थोडं कमी कोमट पाणी घालून पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळायचं. वीस मिनिटं झाकून ठेवा. आठ गोळे, प्रत्येक सातेक इंच लाटा. तापलेल्या तव्यावर एकेक बाजू अर्धा मिनिट, फिकट डाग पडले की बस. पोळीसारखी फुगवून पूर्ण भाजायची नाही, ती पुढे ओव्हनमध्ये भाजणारच आहे. उतरवली की लगेच सुती फडक्यात गुंडाळा. वाफेने मऊ राहते, आणि मऊ असेल तरच गुंडाळताना तडकत नाही. घाई असेल तर बाजारातली तयार टॉर्टिया चालते, फक्त तव्यावर दहा सेकंद गरम करून घ्या.

सारणाला उकडलेला राजमा एक वाटी, काट्याने ठेचून. तेलात जिरं, बारीक कांदा, दोन लसूण पाकळ्या, लाल तिखट परतून त्यात राजमा घाला आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत हलवा. हे आटवणं महत्त्वाचं. ओलं सारण आतून वाफ सोडतं आणि रोल बसतो. गार झाल्यावर मूठभर मक्याचे दाणे, कोथिंबीर आणि अर्धी वाटी किसलेलं चीज. आमच्याकडे मुलगा आला की राजम्याच्या जागी तंतू काढलेलं चिकन असतं, बाकी तेच.

एका टॉर्टियाला दोन मोठे चमचे, जास्त नको. कडेजवळ लांबट पट्टी मांडून घट्ट गुंडाळा, अंगठ्याएवढी जाडी. शिवण खाली करून ट्रेमध्ये ठेवा म्हणजे सुटत नाही, आणि दोन रोलमध्ये बोटभर जागा ठेवा, चिकटून ठेवले तर कडा मऊ राहतात. चारी बाजूंनी तेलाचा ब्रश फिरवा. हा हात मात्र आखडू नका, कोरडा रोल पापडासारखा कडक होतो. ओव्हन दोनशे अंशांवर आधी तापवलेला हवा. पंधरा ते अठरा मिनिटं, दहाव्या मिनिटाला एकदा उलटायचे. कडा तांबूस झाल्या की काढा.

सोबत टोमॅटो आणि हिरवी मिरची थेट गॅसवर भाजून, सालं काढून, कच्चा कांदा, मीठ, लिंबू घालून भरड वाटायचं. आंबट क्रीमच्या जागी चक्का फेटून. उरलेच तर सकाळी मंद तव्यावर झाकण न ठेवता गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेत तर चामड्यासारखे होतील.